नको तो नॅनो गळ्यात, हवा तो स्टॉकमध्ये नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातला पाच एकरांचा कापूसवाला. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. औषध पाठवायचं सोडून तुम्ही तिथल्या सिस्टरची बदली कराल.

पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा महिना, हिमोग्लोबिन 7.2, म्हणजे रक्त बरंच कमी. गोळ्यांनी उलट्या होतात म्हणून डॉक्टरांनी आयर्न सुक्रोजचे, म्हणजे शिरेतून द्यायच्या लोहाच्या औषधाचे, पाच डोस सांगितले. उन्हाळ्यात आमच्याच मैदानावर तुम्ही शब्द देऊन गेलात, गरोदर बाईला बाहेरून औषध आणावं लागणार नाही. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. मंगळवारी सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून उत्तर आलं, "स्टॉक नाही, बाहेरून आणा."

बाहेरून म्हणजे बावीस किलोमीटरवरून. एसटी दोन तास आली नाही. ऐन वेचणीत मजूर वावरात आणि मालक स्टँडवर! एका डोसच्या दोन एंपूलचे, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्यांचे, सहाशे गेले. त्या दिवशी वेचणीची मजुरी उधार ठेवली, बायांची बोलणी खाल्ली. गुडघे तर कधीचेच गेलेत, त्याचं काय सांगू.

सलाईन लावताना तिथला पोरगेला डॉक्टर म्हणाला, "काका, हेही नॅनोच आहे." लोह उघडं रक्तात सोडलं तर घात करतं, म्हणून त्याचे काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण साखरेत गुंडाळतात, आपण पेरणीआधी बियाण्याला औषध चोळतो तसं. लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, तिच्यापुढे हा कण म्हणजे धुरळा. यकृतातल्या, प्लीहेतल्या पेशी तो गिळतात, लोह हळूहळू सोडतात, मग हाडाच्या मगजात नवं हिमोग्लोबिन घडतं. एका हिमोग्लोबिनला लोहाचे चार अणू लागतात. सगळेच नॅनोकण असे गुणी नसतात, हेही त्यानं सांगितलं. चांदीचे कण परीक्षानळीत लाल पेशी फोडतात, आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं.

नॅनो हा शब्द मला नवा नव्हता, साहेब. युरियाचं पोतं मागितलं की दुकानदार नॅनो युरियाची, पानांवर फवारायच्या पातळ खताची, अर्ध्या लिटरची बाटली गळ्यात मारतो. बाटली घ्या, नाहीतर पोतं नाही. तो नॅनो गावोगाव बरोबर पोचतो, त्याला एसटी वेळेवर मिळते. पोरीच्या रक्ताला लागणाराच तेवढा वाटेत अडकतो.

खत तुमच्या खात्यात येत नाही म्हणाल. आमच्या घरात दोन्ही खाती एकाच खाटेवर झोपतात.

तुमच्याच पाहणीत 2019-21 साली राज्यातल्या शंभरातल्या 54 बायांचं रक्त कमी निघालं. आमच्या भागात मोजलं तर ऐंशी निघतील, लिहून घ्या. लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा सिकलसेल आजार 2047 पर्यंत संपवणार म्हणता. तोवर मी नसेन, तुमची खुर्चीही नसेल. विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या 1953 च्या नागपूर कराराचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तुम्ही हिवाळी अधिवेशनाला नागपूरला येता ते हुरडा खायला. अनुशेष रस्त्याचा, पाण्याचा, आता रक्ताचाही. मुंबईत फाईल जाते कुठे, कोणाच्या टेबलाखाली?

दोन डोस झाले, तिसरा गुरुवारी. नॅनो युरियाच्या चार बाटल्या माझ्या पडवीत न फोडता पडल्या आहेत. गाडी पाठवा, घेऊन जा. बदल्यात सहा एंपूल ठेवून जा.

आपला,
एक बाप