रविवारी फोन ठेवला त्याबद्दल

चि. मनीषा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला. तू विचारलंस, "आप्पा, पाय मोडला त्या दिवशी तुमच्या पायात स्टीलच्या टोपीचेच बूट होते ना? मग काय वाचलं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही आणि राग आला. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तर आता लिहितो.

काल माळ्यावरून ते बूट खाली काढले. तू चौथीत होतीस तेव्हापासून गोणपाटात गुंडाळलेले. उचलले तर सोलचा हातातच भुगा झाला. पण बोटांवरची टोपी शाबूत आहे. उजव्या बुटाचं कातडं फाटलंय, त्यातून पोलाद दिसतं आणि त्यावर अंगठ्याच्या पेराएवढा खळगा आहे. मोल्डिंग बॉक्स, म्हणजे वाळूचा साचा भरायची जड लोखंडी चौकट, साखळीतून निसटला, त्याची कड आधी तिथं बसली. मग घसरून मागं आली, टोपी संपते तिथं, आणि लेसखालचं हाड मोडलं. प्लॅस्टर काढल्यावर तू रोज संध्याकाळी माझी बोटं मोजायचीस, आठवतं? पाच भरायची. टोपी नसती तर भरली नसती. वाचलं ते एवढं.

शिरोलीच्या फाउंड्रीत चोवीस वर्षं काढली, तिथं पोरं म्हणायची की वजन पडलं की टोपी वाकते आणि बोटं कापते, त्यापेक्षा साधा बूट बरा. अगं, पोलाद वाकवणारं वजन उघड्या बोटांचं काय ठेवेल? सेफ्टीचे साहेब सांगायचे ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. दोनशे ज्यूलचा मार सोसतो तो खरा सेफ्टी शू, म्हणजे वीस किलोचा तुकडा एक मीटरवरून पडला असं धर. आणि दाब दीड टनाचा. फोर्कलिफ्टचं चाक भरल्या मालासकट त्याहून जड असतं, तिथं बुटाच्या भरवशावर उभं राहू नकोस. आणि एकदा जोराचा मार बसला की तो जोड टाकून द्यायचा, वरून चांगला दिसला तरी.

हे सगळं तुला शिकवलेलं असणार. डिप्लोमा तू केलास, मी नाही. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे प्रेसचे जड साचे, बदलायला घेतलेली एकटी मुलगी आहेस, हे मी चहाच्या गाड्यावर इतक्या वेळा सांगितलंय की आता लोक आधीच "होय होय" म्हणतात. तेव्हा बुटांचं पुरे.

दादाच्या साखरपुड्याला सुट्टी मिळेल का ते कळव. मोठ्या काकूंचं ऑपरेशन नीट झालं. शिवणयंत्राचं आई स्वतःच सांगेल.

पण एक राहिलं. तू आईला सांगितलंस की स्टोअरमध्ये सातच नंबर होता, म्हणून पुढं कापूस भरून घालतेस, आणि टाच सोलली की स्पोर्ट शूजवर जातेस. मनीषा, तुझा पाय पाच नंबरचा. दोन नंबरांचा फरक म्हणजे दीड-पावणेदोन सेंटीमीटर. पुढं कापूस भरला की पाऊल तेवढं मागं सरकतं. टोपीखाली कापूस राहतो आणि तुझी बोटं टोपीच्या बाहेर येतात. मला रविवारपासून झोप नाही ती याची. बूट घातलेत असं दिसतं, आणि घातलेले नसतातच.

स्टोअरवाल्याला लेखी माग, पाच नंबर. तोंडी मागितलेलं विसरतात. लाजू नकोस, बाईमाणसाचा नंबर म्हणून कोणी तोंड वाकडं केलं तरी. कंपनीनंच द्यायचे असतात ते. तोवर मी घेऊन देतो. आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याजवळ १५२९८ हा सेफ्टी शूजच्या मानकाचा आकडा बघून घेईन. डायच्या कामाला वरच्या हाडावरही गार्ड असलेला मिळाला तर तोच.

परत भाषण झालं, माफ कर. तू ओरडलीस म्हणून मला वाईट वाटलं नाही. तू विचारलंस ते बरोबरच होतं, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

तुझे शाळेचे बूट आणायचो तेव्हा वर्तमानपत्रावर तुला उभं करून भोवती पेन्सिल फिरवायचो. गुदगुल्या होतात म्हणून तू पाय ओढायचीस आणि टाचेची रेघ कायम वाकडी यायची. तोच कागद खिशात घालून लक्ष्मीपुरीत जायचो. आता तसंच कर. ड्यूटीवरून आल्यावर, पाय थोडे फुगलेले असताना, कामाचे जाड मोजे घालून कागदावर उभी राहा आणि रूममधल्या मुलीला पेन्सिल फिरवायला सांग. फोटो नको, त्यात माप कळत नाही. कागदच धाड.

तुझा,
आप्पा

ता. क. दोन्ही पावलं काढ. तुझं डावं जरा मोठं आहे.