पेट्या वाटण्याआधी सातेरीचं दुखणं बघा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

गुहागरजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीत सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, ११ पेट्या होत्या, आता ४ उरल्या. पावसाळाभर साखरेचा पाक घालून जगवलेल्या वसाहती दसऱ्याच्या तोंडावर बसल्या. चौकट उचलली तर अळ्या आपापल्या घरात मेलेल्या, डोकं होडीच्या नाळेसारखं वर. काडीने एक ओढली, तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर आली.

हा थाई सॅकब्रूड, अळ्या मारणारा विषाणू. नव्वदच्या दशकात याच विषाणूने दक्षिणेत सातेरीचा फडशा पाडला होता. एका कचेरीतून मला पाकात अँटिबायोटिक घालायचा सल्ला मिळाला. विषाणूवर अँटिबायोटिक! शिवाय ते मधात उतरलं असतं, ते वेगळंच. शेवटी राणीला पिंजऱ्यात कोंडून अंडी थांबवली, तेव्हा कुठे चार तगल्या.

साहेब, २०१८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी भूछत्रांच्या तंतुजालाचा अर्क माश्यांना पाकातून पाजला आणि पंख वाकडे करणारा विषाणू ७९ पटींनी घटल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातली एक बुरशी गॅनोडर्मा कुळातली. आमच्या माडाचा बुंधा कुजवते तीही त्याच कुळातली, म्हणजे शत्रूच्या घरात औषध! पण ते प्रयोग युरोपीय मेलिफेरा माशीवरचे, आणि विषाणूही वेगळा. आमच्या सातेरीला ते लागू पडेल का, हे इथेच तपासायला हवं.

तोवर आमच्याकडे अंदाजपंचे चालू आहे. कोणी पाकात हळद घालतो, कोणी ओव्याचा काढा. ओव्यातलं थायमॉल युरोपात पेटीतल्या गोचिडांवर रीतसर वापरतात, पण मात्रा चुकली तर माशीलाच बाधतं. सातेरीला किती द्यायचं, हे सांगणारं कोणी नाही.

म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला सोबत घेऊन सातेरीवरच हे अर्क तपासावेत. काही पेट्यांना अर्क, काहींना नुसता पाक, आणि मग मात्रा मराठीत छापून आमच्या हातात द्यावी. अनुदानाच्या पेट्या वाटताना वसाहतही तपासूनच द्या. फोटो काढून दिलेली एक रोगट पेटी शेजारच्या दहा बसवते.

माझ्या चारही पेट्या प्रयोगाला देतो. त्यांतल्या दोन नुसत्या पाकावर ठेवाव्या लागल्या तरी तक्रार नाही. फक्त काजू मोहरायच्या आत कोणाला तरी पाठवा.

आपला,
गुहागर तालुक्यातला एक मधपाळ