पोकलेनच्या मागे उभा राहू नकोस

दुबई

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तू हेल्पर म्हणून लागल्याचे आईकडून कळले. आनंद झाला, तशी काळजीही वाटली. फोनवरचे बोलणे विसरले जाते, म्हणून लिहून पाठवत आहे.

पोकलेनच्या केबिनमध्ये मी रोज बसतो, त्यामुळे तिथून काय दिसत नाही हे मला पक्के ठाऊक आहे. उजवी बाजू बूममुळे, म्हणजे बकेट धरणाऱ्या लांब हातामुळे, झाकली जाते, मागे इंजिन आणि काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारे जड वजन असते, आणि यंत्र वळवले की बकेट एकीकडे जात असताना ते वजन दुसरीकडे झपाट्याने फिरते. ते वजन आणि भिंत यांच्यामध्ये माणूस सापडला, तर ऑपरेटरच्या लक्षात येण्याआधीच सगळे संपलेले असते. म्हणून जवळ जायचेच असेल, तर लांबूनच समोर उभा राहून हात वर कर, आणि त्याने तुला पाहून बकेट जमिनीला टेकवल्याशिवाय व लिव्हरवरचे हात काढल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नकोस.

आपल्याकडे अरुंद गल्लीत डंपर मागे घेताना हेल्पर नेमका गाडीच्या पाठीशी उभा राहून, पत्र्यावर थाप मारत ‘आने दो, आने दो’ ओरडतो. ही सवय मला फार भयंकर वाटते. तुला ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. त्याच्या बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर उभा राहा. इशारा एकानेच द्यावा, आणि इशारा देणारा दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबावी, हे आधी ठरवून घे. रिव्हर्स हॉर्नवर विसंबू नकोस. दिवसभर चार गाड्यांचे हॉर्न ऐकून कान सरावतात.

पावसाळ्यात खड्ड्याची कड भिजून ढासळते, म्हणून खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर ठेवून गाडी उभी करायला सांग. डंपरच्या हौद्याला चिकटलेला चिखल काढण्यासाठी उचललेल्या हौद्याखाली कधीही जाऊ नकोस.

थकल्यावर नजर चुकते. इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उन्हातले काम कायद्याने बंद असते. तिथे तशी सुट्टी नसली, तरी पाणी पिऊन, दोन घटका सावलीत बसून मगच इशारा द्यायला उभा राहा.

उद्याच तुमच्या ऑपरेटरला विनंती करून, इंजिन बंद असताना एकदा त्याच्या जागेवर बसून बघ, आणि दुसऱ्या हेल्परला यंत्राभोवती चालायला सांग. तो कुठे कुठे दिसेनासा होतो, ते मला कळव.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
दादा