नंबर लागला तर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार रात्र

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना साष्टांग नमस्कार.

आईला आधी हे वाचून दाखवा: जेवण वेळेवर चाललंय, गुडघा ठीक आहे आणि इथे सध्या उन्हाळा आहे, बर्फ नाही. मोजे घालायची गरज नाही. बाकी घरचं सगळं तुम्हाला माहीतच आहे.

दादा, परवा फोनवर तू म्हणालास, "आता रिटायर झालास, विमान फुकट, मग यायला तुला होतं काय?" मी हसण्यावारी नेलं, पण ते मनात राहिलं. वहिनींनीही त्यांच्या भावाच्या मुलासाठी आमच्या विमान कंपनीच्या फुकट प्रवासाच्या पासचं विचारलं होतं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पास बंद झालेला नाही, ती काळजी सोडा. निवृत्तांचा पास मिळायला प्रत्येक कंपनीचा आपला हिशेब असतो. अमेरिकन एअरलाइन्समध्ये वय आणि नोकरीची वर्षं मिळून 65 भरावी लागतात आणि नोकरी किमान 10 वर्षांची लागते. आमच्या कंपनीतही तशाच धर्तीचं आहे आणि मी त्यात व्यवस्थित बसतो. पण पास म्हणजे तिकीट नव्हे. पास म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. रेल्वेचं वेटिंग धर, फक्त इथे चार्ट लागतो तो विमानाचं दार बंद व्हायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी.

रांगेचा क्रमही बघ. आधी पैसे भरलेले प्रवासी. मग कामावर निघालेले कर्मचारी. मग वर्षातून मोजक्या वेळा मिळणारा वरचा पास वापरणारे. मग नोकरीतले साधे पासवाले. अनेक कंपन्यांत त्यांच्या मागे आम्ही निवृत्त, आमच्या मागे आईवडील आणि शेवटी मित्रमंडळी. म्हणजे पस्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पोराच्या मागे उभा. एकाच गटातले दोघे असले तर काही ठिकाणी नोकरीला लागल्याची तारीख बघतात, काही ठिकाणी आधी चेक-इन कोणी केलं ते बघतात. तिथे उड्डाणाच्या बरोबर 24 तास आधी फोन हातात घेऊन बसावं लागतं. पाच मिनिटं उशीर झाला की पाच माणसं पुढे गेलेली असतात.

तू म्हणशील, रिकाम्या जागा आधी दिसतात ना? दिसतात. समजा 300 आसनांचं विमान आहे, 268 विकली गेली, 32 शिल्लक आणि पासवाल्यांच्या यादीत 14 जण. कागदावर आरामात नंबर लागायला हवा. पण आदल्या रात्री दुसरं एखादं विमान रद्द होतं आणि त्यातले पंचवीस प्रवासी यावर चढवले जातात. किंवा शेवटच्या दिवशी दहा तिकिटं विकली जातात. आणि सगळ्यात फसवं कारण म्हणजे वजन. 2022 पासून अमेरिकी विमानांना रशियावरून जाता येत नाही, त्यामुळे भारताचा मार्ग लांबला. त्यात भारतातून इकडे येताना वारा समोरून, हिवाळ्यात तर जास्तच. लांबचा पल्ला आणि समोरचा वारा म्हणजे इंधन जास्त. इंधन जास्त म्हणजे माणसं आणि सामान कमी. अशा दिवशी वीस आसनं रिकामी ठेवून विमान उडतं आणि पासवाले गेटवर उभे राहून ती रिकामी आसनं जाताना बघतात. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण त्यात गेटवरच्या मुलीचा काही दोष नसतो.

महिन्यांचंही असंच. डिसेंबरच्या मध्यापासून इथून निघणारं प्रत्येक विमान भरलेलं. जानेवारीचे पहिले दोन आठवडे तिकडून परतणारं भरलेलं. जूनमध्ये इथल्या शाळा सुटल्या की इकडून गर्दी, ऑगस्टमध्ये तिकडून. फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात बरी, सप्टेंबर त्याहून बरा. बुधवार बरा, शुक्रवार नको.

थेट विमानात नंबर लागला नाही तर दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जाता येतं. त्याला झेड भाडं म्हणतात. अंतराच्या टप्प्यांप्रमाणे ठरलेलं भाडं असतं, त्यात कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पायऱ्या, वर कर वेगळे. कोणत्या कंपनीचा कोणाशी करार आहे, त्यात निवृत्त बसतात का, आईवडील बसतात का, हे जोडीजोडीने वेगळं असतं. दर वेळी नव्याने बघावं लागतं, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये. मायआयडीट्रॅव्हल नावाच्या साइटवर हे तिकीट काढतात. तिथे प्रत्येक विमानापुढे एक चेहरा असतो: हसरा, सपाट नाहीतर रडका. हसऱ्यावर विश्वास ठेवणारा पासवाला नवखा समजावा. तो चेहरा आत्ताचा असतो, उद्या सकाळचा नव्हे. मी फ्रँकफर्टवरून जाणं पसंत करतो, लंडन टाळतो. स्वतःच्या पासवर लंडनला उतरून पुढचं तिकीट वेगळं काढलं की तिथून निघण्याचा कर पडतो. 2025-26 च्या दराने मुंबईसाठी साध्या वर्गाला 90 पौंड. कधी कधी भाड्यापेक्षा कर जड. एकाच तिकिटावर 24 तासांच्या आत पुढे गेलं तर तो लागत नाही, पण पासवाल्याचं तिकीट एकसंध असतं कुठे!

आणि म्हणूनच, आईला पासवर आणण्याचा विषय पुन्हा काढू नकोस. मी कंजूषपणा करत नाहीये. माझ्याकडे अमेरिकी पासपोर्ट आहे. फ्रँकफर्टला अडकलो तर बाहेर पडून हॉटेलात झोपेन. आईचा पासपोर्ट भारतीय. तिच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेपर्यंत तिला विमानतळाच्या आत बसून पुढचं विमान पकडता येतं, पण शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामायिक, व्हिसाशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नाही. रात्रभर खुर्चीवर, तेही या वयात. दुबईत अमेरिकी व्हिसावर भारतीयांना तिथे पोचल्यावर व्हिसा मिळतो, तो मार्ग त्यातल्या त्यात ठीक. तरी आई येईल ती पक्क्या तिकिटावर आणि व्हीलचेअर सांगून. पास नियमाप्रमाणे तिलाही आहे, पण तो वापरायचा नाही.

मुंबईची बाजू तुम्हाला ठाऊक असावी, कारण सोडायला तुम्हीच येता. अमेरिकेत बाहेर जाताना इमिग्रेशन नाही, म्हणून पासवाला तपासणी करून थेट गेटवर जाऊन बसतो. सहारला आधी काउंटर, मग इमिग्रेशन. नंबर लागेपर्यंत पासवाल्याला काउंटरवरच थांबवून ठेवतात आणि तो बंद होतो साधारण तासभर आधी. दारावर जवान तिकीट बघितल्याशिवाय आत सोडत नाही, म्हणून झेड तिकिटाचा छापील कागद हातात हवा. फोनची बॅटरी गेली ही सबब तिथे चालत नाही. एकदा आत गेल्यावर नंबर लागला नाही तर बाहेर यायलाही कंपनीचा माणूस सोबत लागतो. तेव्हा मला सोडून लगेच गाडी वाईकडे वळवायची नाही. तास-दीड तास पार्किंगमध्ये थांबायचं, मग निघायचं. सामान हातातलंच, एक बॅग. काउंटरवर दिलेली बॅग पुढे गेली आणि आपण मागे राहिलो की तो घोळ निस्तरायला दोन दिवस जातात.

आता इथली एक रीत सांगतो, जी मला अजून पूर्ण पचलेली नाही. पासवर जाणारा माणूस विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी चॉकलेटं नेतो. ऐकून लाच वाटते, पण लाच नव्हे. लाच असती तर गेटवर दिली असती, जिथे नंबर लागतो. चॉकलेट द्यायचं ते आसन मिळाल्यानंतर, विमानात शिरताना, मागच्या किचनमधल्या पहिल्या माणसाच्या हातात. काही बोलायचं नाही, एवढंच म्हणायचं की मी पासवर आहे, हे तुम्हा सर्वांसाठी. पुडा दुकानातला, सीलबंद हवा. घरचं काही नको, कारण अनोळखी माणसाच्या हातचं उघडं खाणं विमानात कोणी तोंडात घालत नाही, आणि घालूही नये. म्हणजे वहिनींच्या चकल्या आणि आईचे बेसनाचे लाडू तिथे चालत नाहीत. वेगवेगळं गुंडाळलेलं असावं, म्हणजे दहा-बारा जणांत वाटता येतं. शेंगदाणे किंवा बदाम असलेलं टाळावं, कारण अॅलर्जी. त्या बदल्यात काही मागायचं नाही. उलट पासवाल्याने जेवणाची निवड शेवटी करायची, उरेल ते घ्यायचं, बटण दाबायचं नाही. आपल्याकडे पाहुण्याने वाढणाऱ्याला कधी पेढा दिलाय का? इथे देतात. मीही देतो. न देणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही, तरी देतो.

वहिनी, तुमच्या भाच्याचं. रागावू नका. इथल्या कर कायद्यात निवृत्ताच्या स्वतःच्या, बायकोच्या, अवलंबून असलेल्या मुलांच्या आणि आईवडिलांच्या पासवर कर नाही. भाऊ, पुतणे, भाचे, मित्र यांना दिलेल्या पासची किंमत माझ्या उत्पन्नात धरतात आणि त्यावर मला कर भरावा लागतो. तो मी भरीनही, प्रश्न पैशांचा नाही. तो मुलगा रांगेत सगळ्यात शेवटी असणार. दोन दिवस विमानतळावर बसून वैतागला आणि गेटवर कोणाशी भांडला तर त्या पासबद्दल जाब मला विचारतात. पासवाल्याच्या आवाज चढवण्याने आख्ख्या कुटुंबाचा पास गेल्याची उदाहरणं आहेत. त्याला सांगा, स्वस्त तिकीट मी इथून शोधून देतो.

दादा, कंपनी बुडाली की पासही बुडतो म्हणून तू जेट एअरवेजचं उदाहरण दिलंस. बरोबर आहे. 17 एप्रिल 2019 ला जेट थांबली आणि त्या दिवशी पासचाही कागद झाला. इथली पॅन अॅम विमान कंपनी 4 डिसेंबर 1991 ला बंद पडली तेव्हाही हेच झालं. टीडब्ल्यूए या दुसऱ्या कंपनीच्या लोकांचं थोडं बरं, 2001 मध्ये ती अमेरिकन एअरलाइन्सने घेतली. पास हा हक्क नाही, कंपनी आहे तोवरची सवलत आहे. पेन्शनचं तसं नाही. 2005 मध्ये युनायटेड एअरलाइन्स दिवाळखोरीत असताना तिच्या पेन्शन योजना पेन्शनचा विमा उतरवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे गेल्या. अनेकांना कमी मिळालं, पण मिळालं. माझी चिंता करू नकोस.

इथल्या निवृत्तांचा महिन्यातून एकदा डायनरमध्ये नाश्ता असतो. सगळ्यांची बिलं वेगळी. अर्धा वेळ गुडघे आणि विमा, अर्धा वेळ कोणत्या मार्गावर नंबर लागतोय. त्यांच्या बातमीपत्रात गेलेल्यांच्या यादीवर लिहितात, 'पश्चिमेला उडाले'. आपल्याकडे दक्षिण. इथे पश्चिम. नानांच्या वेळी माझा नंबर लागला नव्हता, ते मी आता लिहीत नाही.

आता मुख्य. छकुलीच्या लग्नाचा मुहूर्त. तू विचारलंस डिसेंबर की फेब्रुवारी. पासच्या हिशेबाने फेब्रुवारी सोयीचा, हे वर लिहिलंच आहे. पण माझ्या पासवर तिचा मुहूर्त ठरवू नका. मुलाकडच्यांना डिसेंबर हवा असेल तर डिसेंबर. मी पूर्ण पैसे भरून तिकीट काढतोय, मुंबईपर्यंत पक्कं, लग्नाच्या आठ दिवस आधी पोचेन असं. किती पडलं ते आईला सांगू नकोस. दोन बॅगा मिळतील, 23-23 किलोच्या, तेव्हा छकुलीला काय हवंय त्याची यादी पाठवा. कार्यालयाचा अॅडव्हान्स मी भरतो. पैसे तुझ्या खात्यावर येतील. भावाने भावाला दिलेल्या भेटीवर आपल्याकडे प्राप्तिकर नाही, सीएला घाबरू नकोस, फक्त 'भेट' असं लिहून दोघांच्या सहीचा कागद ठेव. आईच्या औषधांचे नेहमीप्रमाणे जातीलच. छतावरच्या पत्र्याचं लग्नाआधी करून घे, पाहुणे येणार.

परतीचं तिकीट मात्र काढलेलं नाही. परत मी पासवर येणार. जानेवारीत सहारहून नंबर लागायला चार-पाच खेपा लागतील, तेव्हा मला सोडायला येण्याआधी माझं अंथरूण उचलू नका.

छकुलीला आशीर्वाद. आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – आईच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून कळव. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठव, अंगठा मध्ये येऊ न देता.