अर्ध्या छतावरचा चुना

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : उन्हाळ्यातलं वीजबिल आणि त्यामागचं तापलेलं छप्पर

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूरला राहते आणि घरीच शिलाईचं काम करते. आमच्या घराची समोरची खोली स्लॅबची, मागची टिनाची. मशीन मागच्या खोलीत आहे, कारण समोर सासूबाईंची खाट, मुलांचा अभ्यास आणि आल्यागेल्याची ऊठबस असते. माझा कामाचा हंगाम नेमका उन्हाळ्यातच येतो. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईचे ब्लाऊज आणि जून उजाडायच्या आत शाळेचे गणवेश. त्यामुळे "दुपारी बारा ते चार उन्हात बसू नका" हा सल्ला मला पाळता येत नाही. मी घराबाहेर जात नाही हे खरं, पण टिनाखालची ती खोली बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापते.

हे पत्र लाईट बिलाबद्दल आहे. बिल माफ करा असं मी म्हणत नाही. बिल कुठून वाढतं ते घरात बसून जसं दिसतं, तसं तुमच्यापुढे मांडायचं आहे.

हिवाळ्यात आमचं बिल शंभर युनिटच्या आत असतं. मे महिन्यात ते दोनशेच्या पुढे जातं. शंभराच्या पुढचं युनिट जवळजवळ दुप्पट दराने पडतं आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागतं. म्हणजे वापर दुप्पट झाला की बिल अडीच-तीनपट होतं. हा वाढलेला वापर चैनीचा नाही. दोन पंखे आणि एक कूलर, एवढाच तो आहे. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने एसी २० अंशांच्या खाली जाऊ नयेत असा नियम करण्याची गोष्ट काढली, त्याआधी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावून यायला लागले. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण आमच्या गल्लीत एसी नाहीत. आमच्याकडे बचत करायची ती पंख्यात आणि कूलरमध्येच.

ती बचत आम्ही करतो. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकतो, म्हणजे शेगडीची धग दुपारच्या उन्हात मिसळत नाही. डाळ रात्रीच भिजवते, तेवढ्या शिट्ट्या वाचतात. पिण्याचं पाणी माठातलं, त्यामुळे फ्रीजचं दार दिवसातून दहा वेळा उघडलं जात नाही. इस्त्री एकदाच तापवून सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे एका बैठकीत करते. पश्चिमेच्या खिडकीला जुन्या चादरीचा पडदा आहे आणि त्यावर दुपारी दोनदा पाणी शिंपडते.

कूलरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण उन्हाळ्यात आमचं घर त्याच्यावरच चालतं. आमचा कूलर लोखंडी पत्र्याचा, मोठ्या पंख्याचा आहे. तो साधारण २०० वॅट खातो. दहा तास चालला की दिवसाची दोन युनिटं, महिन्याची साठ. त्याच्या ताट्या, म्हणजे बाजूच्या पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या, दर मार्चमध्ये बदलाव्या लागतात. क्षार धरलेल्या जुन्या ताट्यांतून पाणी झिरपत नाही, मग पंखा नुसती गरम हवा ओढतो आणि मीटर तेवढंच फिरतं. कूलर खोलीच्या आत ठेवला तर तासाभरात घाम यायला लागतो. तो खिडकीबाहेर सावलीत हवा आणि समोरचं दार किंवा झरोका उघडा हवा, म्हणजे ओली हवा बाहेर पडते. आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून हे सगळं चालतं. मुंबईच्या दमट हवेत कूलरचा फारसा उपयोग होत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्याचा विचार मुंबईत बसून करताना एवढी गोष्ट लक्षात असू द्यावी, ही विनंती.

पंख्याचा हिशोब याहून सोपा आहे. आमचे जुने पंखे ७५ वॅटचे. वीस तास चालले की एकेक पंखा दिवसाला दीड युनिट घेतो, दोन पंख्यांची महिन्याला नव्वद युनिटं. कमी वीज खाणाऱ्या मोटरचे नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे तेवढंच वारं महिन्याला ३६ युनिटांत. जुन्या डबा रेग्युलेटरवर पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, बरीचशी रेग्युलेटर तापवण्यात जाते, हेही मला बऱ्याच उशिरा कळलं. मग बीएलडीसी का घेतला नाही, असं कोणी विचारेल. कारण एका पंख्याला अडीच-तीन हजार रुपये एकरकमी लागतात, आणि ते लागतात मार्चमध्ये, जेव्हा शाळेची उरलेली फी आणि ताट्यांचा खर्च एकदमच येतो. जुना पंखा जोवर फिरतो तोवर तो काढून फेकायची हिंमत आमच्यासारख्या घरात होत नाही.

एवढं सगळं करून माझी महिन्याची वीसेक युनिटं वाचत असतील. त्यापुढे हात टेकले होते. दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली, तिच्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

मार्चअखेर मी आणि माझा मुलगा समोरच्या स्लॅबला चुना मारायला चढलो. कुणीतरी सांगितलं होतं की चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा, त्यात थोडं फेव्हिकॉल घालायचं आणि दोन हात द्यायचे. आम्ही तसंच केलं. पण चुना कमी पडला आणि पायऱ्यांकडची अर्धी बाजू तशीच राहिली. नंतर आणू म्हणून ठेवलं आणि राहूनच गेलं.

एप्रिलमध्ये सासूबाईंच्या कुरड्या वाळत घालायला मी दुपारी दोन वाजता वर गेले. चपला जिन्यात राहिल्या होत्या. राखाडी स्लॅबवर दोन पावलं टाकली आणि तळव्याला चटका बसला. धावत पांढऱ्या बाजूला गेले आणि थांबले. तिथे उभं राहता येत होतं. पाय गरम लागत होते, पण भाजत नव्हते. मधे फक्त कुंचल्याने ओढलेली एक वाकडीतिकडी रेघ होती. अलीकडे चटका, पलीकडे उभं राहण्यासारखी जमीन. मी मुलाला हाक मारली. त्यानेही एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून पाहिला. सासूबाईंनी कुरड्या राखाडी बाजूलाच घालायला सांगितल्या, तिथे लवकर वाळतात म्हणून.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारभर स्लॅब जो ताप पितो, तो रात्री नऊनंतर खाली आपल्या खाटेवर उतरतो. बाहेर गार वारं सुटलेलं असतं आणि आत भिंती ऊबट असतात. कूलर रात्रभर लावावा लागतो तो हवेच्या गरमीपेक्षा छताच्या गरमीमुळे. दुसऱ्या दिवशी चुना आणून उरलेली बाजू मी पुरी केली. त्या वर्षी कूलर आम्ही रात्री दोन-अडीचला बंद करू लागलो, आधी तो सकाळपर्यंत चालायचा. मे महिन्यात तीसेक युनिटं कमी आली. एक उन्हाळा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून हा आकडा मी पुरावा म्हणून देत नाही. पण चुना, फेव्हिकॉल आणि कुंचला धरून खर्च साडेचारशे रुपये झाला होता. ताट्या, पडदे, माठ या कशानेही एवढा फरक मला दिसला नव्हता.

अडचणी आहेत, त्याही सांगते. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, दरवर्षी नव्याने मारावा लागतो. चंद्रपुरात कोळशाची आणि राखेची काळी भुकटी छतावर बसते, पंधरा दिवसांत पांढरं छत मळकं होतं आणि मळकं छत पुन्हा ऊन पितं. म्हणून मी दर रविवारी छत झाडून काढते. टिनावर तर चुना टिकतच नाही, वारा आणि गंज त्याचे पापुद्रे काढतात. टिनाला ऊन परतवणारा पांढरा रंगच लागतो. तो काही वर्षं टिकतो, पण त्याला काही हजार रुपये लागतात. माझी मागची खोली त्यामुळे अजून तशीच आहे. गिऱ्हाइकांचे गणवेश मी अजून त्याच टिनाखाली शिवते.

आमच्या वस्तीत जी घरं पूर्ण टिनाची आहेत आणि जे लोक भाड्याने राहतात, त्यांचं तर याहून कठीण आहे. भाडेकरू दुसऱ्याच्या छतावर पैसे का घालेल? घरमालक बिल भरत नाही, मग तो तरी का घालेल? छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ज्याच्याकडे स्वतःचं मजबूत छत आणि वरची रक्कम आहे त्याला तिचा मोठा आधार आहे. टिनाखालच्या भाडेकरूपर्यंत ती पोहोचणं मात्र अवघड आहे.

महोदय, पांढऱ्या छताची कल्पना काही माझी नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेने फार माणसं गेली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे झोपडवस्त्यांतल्या हजारो छपरांना पांढरा रंग दिला. आपल्याला लागून असलेल्या तेलंगणाने २०२३ ते २०२८ साठी थंड छतांचं धोरणच आणलं आणि ३०० चौरस किलोमीटर छत थंड करण्याचं लक्ष्य ठेवलं. चंद्रपूर जिल्ह्याची हद्द तेलंगणाला भिडते. उन्हाळा दोन्ही बाजूंना सारखाच असतो.

आपल्याकडे हे घरकुलापासून सुरू करता येईल. मैदानी भागात घरकुलाला केंद्राच्या योजनेतून १,२०,००० रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं असतं. त्याच अंदाजपत्रकात छताला ऊन परतवणाऱ्या रंगाचा एक रकाना असला पाहिजे. घर बांधताना गवंडी वर असतोच, परात आणि शिडीही असते. नंतर त्याच कामाला पुन्हा मजुरी द्यावी लागते. हे खातं तुमचं नाही हे मला कळतं. पण त्या घरातलं बिल तुमच्या खात्यातून जातं, म्हणून तुम्हालाच सांगते. ग्रामविकास आणि गृहनिर्माण खात्याशी तुम्ही बोललात तर ते ऐकतील, माझं ऐकणार नाहीत.

पंख्यांसाठी तर रस्ता आधीच घालून दिलेला आहे. २०१५ मध्ये एलईडी बल्बची उजाला योजना आली. सरकारने एकदम मोठी खरेदी केल्यामुळे बल्ब स्वस्त झाले आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब लोकांच्या घरात गेले. आमच्या घरातही तेव्हाचा एक बल्ब न्हाणीघरात अजून जळतो. तसेच बीएलडीसी पंखे वीजबिलावर हप्त्याने मिळाले, तर महिन्याला वाचणाऱ्या युनिटांतूनच हप्ता फिटेल आणि मार्चमध्ये कुणाला तीन हजार मोजावे लागणार नाहीत.

चंद्रपूरकर म्हणून हे आग्रहाने मागण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या उशाशी २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची वीज राज्यभर जाते. कोळशाची धूळ, राख आणि धग इथेच राहते. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. केंद्राला पाणी इरई धरणातून मिळतं आणि शहरालाही तिथूनच. २०१० च्या उन्हाळ्यात इरई आटली तेव्हा केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. आमच्या छतावर वाचलेलं प्रत्येक युनिट म्हणजे तेवढा कोळसा आणि तेवढं इरईचं पाणी. उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली की तुमच्या खात्याला महागडी वीज विकत घ्यावी लागते. त्यातली थोडी रक्कम आधीच छतांवर घातली तर पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात ती परत मिळेल.

म्हणून एकाच शहरापासून सुरुवात करा. चंद्रपुरातल्या शंभर युनिटांच्या आतबाहेर वापर असलेल्या टिनाच्या घरांची यादी तुमच्याकडे मीटरवरून निघू शकते, छतं कोणती ते महापालिकेचे लोक पाहून सांगतील. त्या घरांना, भाडेकरू असो की मालक, एकदा चांगला पांढरा रंग देऊन टाका. रंग मारायला वस्तीतल्याच बचत गटांच्या बायका आणि बेकार पोरं लावा, आम्ही शिकवू. एप्रिल आणि मेची बिलं आदल्या वर्षीच्या बिलांशी ताडून पाहा. फरक पडला नाही तर पुढे करू नका.

हे काम होळीच्या आत व्हायला हवं. होळीनंतर दुपारी टिनावर चढता येत नाही. आणि २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा रंग मारून उपयोग नाही. या वर्षी तुमचा माणूस पाहणीला आला तर दुपारी दोनला पाठवा. समोरचा पांढरा स्लॅब आणि मागचं टिन, दोन्ही मी त्याला वर नेऊन दाखवीन.

आपली,
चंद्रपूरची एक वीजग्राहक