स्वाधार योजनेचा पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळीच द्या

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी पुण्यात महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी मराठवाड्यातून, विदर्भातून मुलं इथे येतात. शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही की ती पेठांमध्ये कॉट बेसिसवर जागा शोधतात. डिपॉझिट आणि पहिलं भाडं आधी मोजावं लागतं. मेसवालाही महिन्याचे पैसे आगाऊच मागतो.

नेमक्या याच खर्चासाठी आपल्या खात्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. राहण्याचे म्हणजे महिन्याला जेमतेम सोळाशे-सतराशे झाले, तेवढ्यात पेठेत खाट मिळत नाही. पण तो विषय तूर्त बाजूला ठेवते. आहे ती रक्कम तरी वेळेवर यावी, एवढंच मागणं आहे. रखडलेल्या हप्त्यांसाठी विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पैसे येईपर्यंत मूल काय करतं? दोघांत एक डबा घेतं. बाप गावी व्याजाने पैसे उचलतो. तेही संपले की पोरगा रात्री पार्सल पोचवायच्या कामाला लागतो आणि सकाळच्या तासाला येत नाही, आला तरी शेवटच्या बाकावर डोळे मिटतात. मग हजेरी घसरते. आणि स्वाधारसाठी ७५ टक्के हजेरीची अट आहे! हप्ता उशिरा आला म्हणून त्याने काम धरलं, आणि काम धरलं म्हणून आता हप्ताच धोक्यात. या मुलाला अपात्र ठरवताना त्याच्या फाइलवर फक्त टक्केवारी दिसते.

अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या भाडेकराराचंही तसंच. खाटेपुरती जागा देणारा मालक करार करून देत नाही. तिथे महाविद्यालयाचा दाखला आणि मुलाचं स्वयंघोषणापत्र पुरेसं धरा.

बाहेरगावचं मूल राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर शिकूच शकत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. तिथे मुलाला आधी छप्पर मिळायचं.

म्हणून विनंती: प्रवेश निश्चित झाला की महिन्याभरात पहिला हप्ता खात्यात जमा करा. हजेरीची पडताळणी दुसऱ्या हप्त्यापासून लावा. आणि अर्ज कुठल्या टेबलावर, किती दिवस पडून आहे, ते मुलाला त्याच्या मोबाइलवर दिसू द्या.

आपली,
एक प्राध्यापिका, पुणे