नाताळला नाही, ईस्टरला येते

पुणे, 14 डिसेंबर 2025

प्रिय आई, प्रिय बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं 'बरं' म्हणून फोन बाबांकडे दिला असतास आणि बाबा गप्प बसले असते. म्हणून लिहिते. यंदा नाताळला मी घरी येत नाही. 24 आणि 25, दोन्ही दिवस ड्युटी लावून घेतली आहे. रोस्टर लागलंय, तेव्हा बाबा, मेट्रनबाईंना फोन करायचा नाही. मागच्यासारखं तर अजिबात नाही.

25 तारीख गुरुवारी आली आहे. आमच्या डायलिसिसच्या मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्या पेशंटांना सणवार नसतो. एक पाळी हुकली की अंगात पाणी साठतं, आडवं पडलं की धाप लागते. चार तास मशीनपाशी कुणीतरी लागतंच. जिला रजा हवी होती त्या सिस्टरचं बाळ आत्ता कुठे रांगायला लागलंय. तिला कसं नाही म्हणू? मला कुणी भरीला घातलेलं नाही, आणि दादाच्या त्या प्रकरणाशीही याचा काही संबंध नाही.

आणि बाबा, नाताळ आला की सगळं आलं, असं तुम्ही तरी संडे स्कूलमध्ये आम्हाला कधी शिकवलंत? मार्काच्या शुभवर्तमानात गव्हाणी नाहीच, तो थेट बाप्तिस्म्यापासून सुरू होतो, हे तुम्हीच दाखवलंत. मत्तयाकडे तारा पाहून आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आहेत पण मेंढपाळ नाहीत; लूकाकडे मेंढपाळ आहेत पण तारा नाही. आपण सगळ्यांना एकाच गोठ्यात कोंबतो. पहिल्या ख्रिस्ती मंडळीनं धरून ठेवलं ते पुनरुत्थान, म्हणजे ईस्टर. 25 डिसेंबरच्या नाताळची रोममधली जुन्यात जुनी नोंद 336 सालची. आपल्या नगरला मिशनरी आले ते न्यू इंग्लंडचे ना? तिथं मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता. ही सगळी वकिली माझ्या रजेसाठी चालली आहे हे तुम्ही ओळखलंच असेल.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. नाताळ मला कमी वाटतो असं नाही. देवानं देह घेतला, त्याला भूक लागली, त्याला बाळंत्यात गुंडाळावं लागलं, यावर तर सगळं उभं आहे. तो देह खरा नसता तर वधस्तंभावर गेलं तरी कोण असतं, आणि उठलं तरी कोण? दर रविवारी विश्वासांगीकार, आपल्या विश्वासाची कबुली, म्हणताना 'मरियेपासून जन्मला' म्हटलं की पुढचंच वाक्य रोमी सुभेदार पिलाताच्या वेळी सोसलेल्या दुःखाचं येतं. मधली तीस-बत्तीस वर्षं एका दमात ओलांडायची! लहानपणी मी तिथेच अडखळायचे. बाळ आत्ता तर झालं, लगेच कसं मारलं, म्हणून तुमच्या कोटाला धरून रडले होते. तुम्ही मला खांद्यावर घेऊन चर्चबाहेर आलात आणि खिशातली लिमलेटची गोळी दिलीत. उत्तर काही दिलं नाहीत. बरं केलंत. वॉर्डात ते वाक्य आता मला रोज कळतं. पेशंटचा हात सुईनं सुजलेला असतो आणि तरी तो विचारतो, "सिस्टर, जेवलात का?"

आता ऐका. चांदणी लावायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला मी सांगून ठेवलंय. 24च्या रात्रीची उपासना यंदा राहू दे, 25ला सकाळी जा, रिक्षानं. नगरची थंडी माहीत आहे ना? कानटोपी घाला, लाज कसली! आई, अनारसे घरी करायचे नाहीत, गुडघा आत्ताच बरा होतोय. विकत आण, कुणाला कळत नाही. (तुला कळतं. पण एक वर्ष चालवून घे.) बाबांना केकचा एकच तुकडा, आणि तो पाहुण्यांसमोर मोजायचा. बीपीची गोळी रात्रीच्या जेवणाआधीच. गीजरवाला बुधवारी येईल, पैसे मी दिलेत. माझी काळजी नको. मेसवाल्या काकू त्या दिवशी पुलाव करणार आहेत. करंज्या कुणाबरोबर पाठवू नका, उगाच दगदग. पाठवल्याच तर ओल्या नारळाच्या नको, टिकत नाहीत.

ईस्टर 5 एप्रिलला आहे. मी गुरुवारी, 2 तारखेला रात्री पोचते. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, उपासनेचे तिन्ही तास तुमच्या शेजारी बसेन, झोप आली तर चिमटा काढा. रविवारी पहाटे कबरस्तानात तिघं मिळून जाऊ. आजीच्या कबरीला चुना मी आल्यावर लावायचा. बाबा, आधीच बादली घेऊन जाऊ नका.

तुमची,
बेबी